पाठीवरच्या दोन पट्ट्या

१९६८ सालच्या मार्च महिन्यात कारखान्याच्या डॉक्टरने निकेलवालीचे हात तीन हात लांबून पाहिले आणि कागदावर लिहिलं, ‘घरातील अस्वच्छतेमुळे झालेली खरूज. सांसर्गिक.’ त्याच संध्याकाळी तिला कामावरून काढलं.

नऊ वर्षं ती प्लेटिंग खात्यात होती. नळ, चमचे, सायकलींची हँडलं ज्या पाण्यात बुडून चकचकीत व्हायची, ते पाणी तिच्या हातचं. निकेलचे तुकडे पातळ तेजाबात तासन्‌तास कढवायचे, गाळायचे, आटवायचे, निवायला ठेवायचे. सकाळी तळाशी खडे धरलेले असत, मोरचुदासारखे, पण हिरवेगार. बाटलीवर निकेल सल्फेट लिहिलेलं असे. खात्यातल्या बाया त्याला हिरवं मीठ म्हणत. ते ऊन पाण्यात विरघळवून हौद भरायचा. वाफेने घसा खवखवायचा. बोटांच्या बेचक्यांत आधी खाज, मग पुरळ, मग पाण्याचे फोड. हातमोजे मागितले तेव्हा मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते, “राणीसाहेबांना मोजे हवेत! अत्तर पण देऊ का?”

आणि आता म्हणे घरातली अस्वच्छता.

घरी सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलं. त्यांनी स्वतः त्याच खात्यात चौदा वर्षं काढली होती.

“आम्ही काय हौदात हात घातले नाहीत? मला कधी एक पुटकुळी आली नाही. तुलाच बरी येते!”

“सगळ्यांना होत नाही आई, एखादीलाच होतं.”

“आणि ती एक नेमकी माझ्याच घरात! चाळीस वर्षं हे घर आरशासारखं ठेवलं, ते हे ऐकायला?”

सासूबाई दिवसातून तीनदा फरशी घासू लागल्या. सुनेने पेला उचलला की तो पुन्हा विसळायच्या. सहा वर्षांच्या नातीची वेणीसुद्धा तिला घालू देईनात. नवरा दोघींच्या मध्ये पडायचा नाही. मुकाट्याने जेवून उठायचा.

त्या वेणीने निकेलवालीच्या डोक्यात तिडीक गेली. ती सरळ कामगार अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “मला खरूज नाही. हे त्यांच्या मिठाने झालंय. ते लिहून मिळेपर्यंत मी इथून हलायची नाही.”

अधिकाऱ्याने तिला सरकारी दवाखान्यात, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

“तुमच्या पाठीवर दोन पट्ट्या लावू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डावीखाली साधं पाणी, उजवीखाली निकेलच्या मिठाचं पाणी. परवा उघडायच्या. उजवीखाली फोड आले तर तुमचं खरं.”

“आणि नाही आले तर?”

“तर डॉक्टरांनी लिहिलंय तेच राहील.”

दवाखान्यात ते मीठ नव्हतं. म्हणून कारखान्याकडूनच बाटली मागवली होती. ती घेऊन आला होता कारखान्याचा केमिस्ट, मालकांचा सख्खा जावई.

“ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच घरची बाटली?” निकेलवाली भडकली. “हा कुठला न्याय?”

“दुसरीकडून यायला तीन महिने लागतील, बाई. थांबता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिला तीन दिवससुद्धा थांबवत नव्हतं.

केमिस्ट खिडकीबाहेर बघत होता. सासूबाई ‘मी बाहेरच बसते’ म्हणून आल्या होत्या, पण कधी आत आल्या कळलं नाही. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरली, हलवली.

“काय बघता, आजी?” केमिस्टने विचारलं.

“काही नाही. हिरवं आहे.”

“निकेलचं मीठ हिरवंच असतं.”

“हो का? बरं.” त्यांनी बाटली ठेवून दिली.

पट्ट्या लागल्या. घरी पोचल्यावर सासूबाई साबण आणायला गेल्या, त्या तासाभराने आल्या.

“एका वडीला एवढा वेळ?”

“रांग होती. पालथी पड बघू, उजवी पट्टी सुटलीय.”

“कुठे सुटलीय? मला तर...”

“तुला पाठीला डोळे आहेत? पड म्हटलं ना!” त्यांनी पट्टी इतकी दाबून बसवली की निकेलवाली कळवळली. “गप. हललीस तर निघेल, मग माझ्या नावाने बोंब मारशील.”

दुसऱ्या दिवशी पाठीत आग सुरू झाली. निकेलवाली भिंतीला पाठही न टेकता बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा खाज सुटल्याचा तिला आनंद होत होता.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमक्ष पट्ट्या उघडल्या. डावीखाली स्वच्छ कातडी. उजवीखाली लालबुंद चट्टा आणि त्यावर टपोरे फोड.

केमिस्टचा चेहरा चुन्यासारखा झाला. “हे शक्यच नाही!”

“शक्य कसं नाही? समोर दिसतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. निकेलमुळे. सांसर्गिक नाही. अस्वच्छतेशी संबंध नाही.

त्या संध्याकाळी निकेलवालीने लेकीची वेणी घातली. सासूबाई बघत होत्या.

पुढे तिला कोरड्या खात्यात, पॅकिंगला परत घेतलं. वर्ष संपायच्या आत प्लेटिंगच्या बायांना हातमोजे मिळाले, हौदांवर वाफ ओढणारे पंखे बसले. कारखान्याचा डॉक्टर गाव सोडून गेला. लेक मोठी झाली, नर्स झाली. केमिस्टला सासऱ्याने त्याच आठवड्यात हाकललं. तो शाळेत विज्ञान शिकवू लागला. रस्त्यात भेटला की निकेलवाली त्याला हात जोडायची. सासऱ्याला न जुमानता खरी बाटली आणणारा माणूस! तो मान खाली घालून निघून जायचा, आणि तिला वाटायचं, किती साधा.

सासूबाई आणखी अकरा वर्षं जगल्या. ताट पुन्हा कधी वेगळं केलं नाही, आणि चुकलं असंही कधी म्हणाल्या नाहीत. शेवटच्या दुखण्यात एके दुपारी निकेलवाली त्यांचे पाय चेपत होती आणि केमिस्टचं गुणगान चाललं होतं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“पुरे झालं त्या मेल्याचं कौतुक. बाटलीत नुसतं रंगाचं पाणी होतं. खरं मीठ मी कारखान्यातून चोरून आणलं आणि तुझ्या पट्टीखाली घातलं. माझ्या घराला घाण म्हणतात!”