ओळीतली शेवटची जोडी

हसनाबादजवळच्या तलावावर सुट्टीत मी पोरांना पोहायला शिकवतो. नियम एकच. पाण्यात उतरण्याआधी चप्पल काठावर ओळीत ठेवायची, बाहेर आलं की आपापली घालायची. ओळ रिकामी झाली म्हणजे सगळे सुखरूप बाहेर आले. शेळ्या चारायला येणाऱ्या ठेंगण्या सोनूबाई बांधावर बसून रोज टोमणे मारायच्या, "गुरुजी, पोरींना कशाला पाण्यात उतरवून राह्यले? पोहून काय कलेक्टर होणार हायेत का त्या?"

आज सगळ्या पोरांनी चपला घातल्या, तरी ओळीच्या टोकाला एक लहानशी निळी जोडी उरली.

"कोणाची रे ही?"

"आमची न्हाई, गुरुजी," साक्षी म्हणाली. भावना रडायलाच लागली, "मंग पाण्यात कोण हाय?"

एखादं नवं पोर गुपचूप येऊन उतरलं असणार. मुलांना काठावरच बसवून मी उडी टाकली. दोनदा तळ चाचपला, हाताला नुसता गाळ लागला. श्वास घ्यायला वर आलो, तेव्हा काठावर पोरं एकमेकांना बिलगून बसली होती आणि बांधावर शेळ्या एकट्याच चरत होत्या.

तेवढ्यात पलीकडच्या, पाण्यात वाढलेल्या बेशरमाच्या झुडपांमागून, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेल्या सोनूबाई संथ हात मारत आल्या.

"घाबरू नका गुरुजी, माझीच हाय ती. लगीन झाल्यापासून आज पहिल्यांदा पाण्यात उतरले, अन् नियम तुमचाच, चप्पल ओळीत ठेवायची!"