काट्याची मर्जी

बांबू-ठेकेदाराच्या युद्धाआधीच्या मोटारीची बॅटरी भरत नव्हती. जो दुरुस्त करील, तोच तिचा कायमचा मिस्त्री होणार होता.

इस्तारी मिस्त्रीनं वीज बनवणाऱ्या डायनामोचे ब्रश घासले, पट्टा ताणला. तरी इंजिन चालू असताना चार्जिंग मीटरचा काटा उलटाच पडे. नवखा मिस्त्री मुखरू नुसता जवळ आला, की काटा सुलट!

"इस्तारीभाऊ, गाडीचा जीव जडला ना माह्यावर," मुखरू हसला.

इस्तारीचा जळफळाट झाला. बायको रुसून माहेरी गेली तेव्हाही एवढा झाला नव्हता. डायनामो आणि बॅटरी काढून त्यानं घरात कोंडली आणि गाडीत येऊन बसला.

"आता जडू दे जीव!"

गाडीचे दिवे लागले.

"तू घरी जाय!" इस्तारी ओरडला.

मुखरू निघाला. मागोमाग गाडीही निघाली. इस्तारीनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

हॉर्न लाडात वाजला.