ताकासारखं तेल

साखर कारखान्याच्या चेअरमनचा भाचा अवधूत उसाच्या ट्रॉल्या उचलणाऱ्या यंत्रासाठी हायड्रोलिक तेलाचे ड्रम विकायला घेऊन आला. केमिस्ट सुनेत्राने त्यातलं तेल पाण्यासोबत बरणीत खळखळून हलवलं. चांगलं तेल थोड्या वेळात पाण्यापासून सुटतं. हे ताकासारखं पांढरं राहिलं. "यात पाणी मुरलं की पंप जाईल, भरलेली ट्रॉली माणसांवर कोसळेल," ती चेअरमनना म्हणाली. अवधूत गॉगल पुसत हसला. "मशीनला काय कळतंय मॅडम? एक नंबर माल हाय." चेअरमननीही माल पास करायला तिला सहीची खूण केली. तिने पेन उचललंच नाही. "मग आधी ताडकळस गावातल्या तुमच्या जेसीबीत भरा," ती अवधूतला म्हणाली. अवधूत ताडकन उठला. "येड लागलं का? माझी मशीन नवी हाय!" दारात उभा असलेला त्या यंत्राचा ऑपरेटर चंद्रभान पचकन थुंकला. "अन् ट्रॉलीखालची आमची माणसं जुनी झाली व्हय?" चेअरमननी मान खाली घालून ड्रम परत पाठवले.