उस्तादांनी बसवलेला पंप

पालमच्या गॅरेजात जुन्या ट्रकचे इंजिन बांधायला घेतले, की त्यातला ऑइल पंप मात्र उस्ताद किसनराव स्वतःच्याच हाताने बसवत. सत्तरी उलटलेल्या त्या हातांना आता कंप सुटला होता. आणि पंपाचा गिअर केसभर जरी तिरपा बसला, तरी तेल वर चढत नाही नि इंजिन जाम होते. म्हणून उस्ताद जेवायला घरी गेले, की आश्रुबा तो पंप गुपचूप उघडून पुन्हा बसवत असे. ज्यांनी पाना धरायला शिकवले, त्यांच्याच पाठीमागे हे करताना त्याला चोरी केल्यासारखे वाटे.

आजही त्याने तेच केले. ट्रकमालक परमेश्वर चावी फिरवणार, एवढ्यात उस्तादांनी हळूच विचारले, "आश्रुबा, मी बसवलेला पंप उघडून बघितलास का रं?"

आश्रुबाने नजर चुकवली. "न्हाई, उस्ताद. तुमी बसवल्यावर मी कशाला हात लावू?"

उस्तादांचा चेहरा उतरला. "परमेश्वर, थांब! गाडी चालू करू नको."

मग ते आश्रुबाकडे वळले.

"अरं, तू मागून उघडून बघतोस, म्हणूनच तर मी अजून पान्याला हात लावायलोय."