चाळीस फळ्यांचा पूल

“आबा, घाई नका करू,” फोनमधून चारुलता म्हणाली. “वारा थांबू द्या.”

रतिलाल पाटलांनी अंगठा उचलला. पडद्यावरचा टोपीवाला माणूस फळीवर थबकला. पुढे दोन फळ्या, मागे दोन फळ्या, बाकी सगळीकडे पांढरंफटक धुकं. त्याच्या कमरेला लांबलचक दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, मागे कुठेतरी धुक्यात, चारुलताचा माणूस होता.

वारा थांबला. त्यांनी अंगठा टेकवला. दहा-बारा फळ्या नीट गेल्या आणि टोपीवाला एकदम दरीत कोसळला. पडदा काळा झाला.

“पाय घसरना व्हई तुमना,” चारुलता म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. सकाय देखूत.”

“हाऊ अंगठाच मन्हा ऐकत नही, बेटा.”

सुरतेहून रोज दुपारी चार वाजता येणारा तो आवाज पाच मिनिटांत बंद व्हायचा. मग प्रकाशा गावातल्या त्या घरात पंखा तेवढा बोलायचा. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. शेत वाट्याने दिलं होतं. पाटलांना एकटेपणाची सवय होईल असं सगळे म्हणायचे. ती काही झाली नव्हती.

चारुलता ही एकुलती एक लेक. तिच्याकडे जाऊन राहावं असं मनातून फार वाटायचं. पण पाटलांचे वडील लेकीला भेटायला जायचे तेव्हा वेशीबाहेरच्या विहिरीवरच पाणी पिऊन घ्यायचे. लेकीच्या घरचा घोटही घ्यायचे नाहीत. पाटील आता लेकीकडे चहा घेत, जेवतही. पण कायमचं राहायला कोणत्या तोंडाने जायचं?

मागच्या दिवाळीला चारुलतानेच तोड काढली. फोनवर तो खेळ घालून दिला आणि चार माणसांसमोर म्हणाली, “आबा, धुक्यामाना पूल आपन दोन्ही पार करूत. ज्या दिन पार व्हई, त्या दिन मी गाडी लई येसु आनि तुमले सुरतले लई जासु. मंग नही म्हनानं नही!”

सगळे हसले. पाटीलही हसले, पण त्यांना ते फार आवडलं. पैज जिंकून गेलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार? त्यांनी त्याच आठवड्यात कपड्यांची बॅग भरून ठेवली.

पण पूल मोठा हट्टी निघाला. चाळीस फळ्या, त्यांतल्या नऊ कुजलेल्या, वर वारा. दोघांपैकी एक पडला की दुसराही गेलाच. खेळाखाली लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली होती. कुणी फोन आपटला होता, कुणी आठ दिवसांत खेळच काढून टाकला होता. पाटील ते वाचून मान हलवायचे. पपईची बाग विषाणूने बसली तरी पुन्हा रोपं लावणारा माणूस आठ दिवसांत काय कंटाळणार!

त्यातून खोट कुणात आहे हे उघडच होतं. चारुलताने हाच पूल मैत्रिणीबरोबर दोन दिवसांत पार केला होता.

मग पाटलांनी अभ्यास धरला. कॅलेंडरच्या पाठीमागे नऊ कुजक्या फळ्यांचे आकडे लिहिले. वाऱ्याच्या तीन झुळका गेल्या की तो जरा दम खातो, हेही टिपून ठेवलं. आता डोळे मिटूनही त्यांना पूल पाठ होता.

भाकरी करायला येणाऱ्या सोनीबाईने एक दिवस विचारलं, “आबा, बॅगमाना कपडा धुई टाकू का? वास लागी जाई.”

“नको. कवय बी निंघनं पडी.”

सोनीबाईने तवा जरा जास्तच जोरात घासला.

त्या मंगळवारी चार वाजता खेळ सुरू झाला. दोघांची माणसं पुलावर आली. नेहमीसारखा पाटलांचा पुढे, चारुलताचा मागे. म्हातारा माणूस पुढे असला की मागून सांभाळता येतं, असं तीच म्हणायची. पाचवी फळी झाली तोच पलीकडून जावईबापूंनी, योगेंद्रने, तिला हाक मारली.

“थांबा आबा, मी उनी,” म्हणून तिने फोन तसाच बाजूला ठेवला.

पाटील थांबले नाहीत. आज अंगठा कसा शहाण्यासारखा चालत होता! तीन झुळका गेल्या, चार फळ्या मागे पडल्या. पुन्हा तीन झुळका. कुजकी फळी आली की टुणकन उडी. आणि टोपीवाल्याचा पाय एकदम गवतावर पडला.

पलीकडचा काठ!

काठावर येताच धुकं सरलं. अख्खा पूल दिसायला लागला आणि पाचव्या फळीवर निमूट उभा असलेला चारुलताचा माणूसही. तिला अजून धुकंच दिसत असणार. पाटलांचा आनंद पोटात मावेना. आता तिला चकित करायचं, तोवर ब्र काढायचा नाही.

“थांबेल शेतस ना, आबा?” तिचा आवाज परत आला. जरा बसलेला वाटला.

“हा बेटा. थांबनू शे,” ते बिनदिक्कत खोटं बोलले.

“चाला मंग.”

तिचा माणूस चालू लागला. काय सफाई होती! कुजक्या फळ्या तर तिने अशा टाळल्या की पाटलांना पोरीचं कौतुक वाटलं. वीस झाल्या, तीस झाल्या. पस्तिसाव्या फळीवर तो थांबला. वारा पडलेला होता. पुढच्या पाचही फळ्या धडधाकट होत्या. पाटील श्वास रोखून बघत होते.

तिच्या माणसाने दरीकडे तोंड वळवलं आणि उडी मारली.

दोर ताणला गेला. काठावरचा टोपीवाला फरफटत त्याच्यामागे गेला. पडदा काळा झाला.

“काही हरकत नही, आबा,” चारुलता मायेने म्हणाली. “आज बी तुमनाच पाय घसरना.”