सकाळची गोळी

बीरगांवच्या भीमाबाई रोज सकाळी बीपीची गोळी हातात घेऊन रेडिओसमोर बसायच्या. त्यांची लेक रुचिता शंकर नगरच्या स्टुडिओतून गप्पांच्या ओघात साऱ्या रायपूरला विचारायची, “दाई, गोली खा ली क्या?” तिकडच्या बोलीत दाई म्हणजे आई; ते ऐकलं की मगच त्या गोळी गिळायच्या.

परवा विक्रीला दिल्लीची मंजुरी आली आणि ते रेडिओ स्टेशन मुंबईच्या बड्या कंपनीचं झालं. “आता पोट्टीचा पगार वाढन,” म्हणत भीमाबाईंनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

आज रेडिओवर कुणी भलताच पोरगा मुंबईच्या ट्रॅफिकचं सांगत खिदळत होता. भीमाबाईंच्या तळहातावरची गोळी घामानं ओली झाली.

“काहून बोलून नाही राहिली ही?”

पहाटेच ड्यूटीवर गेलेली रुचिता केव्हाची त्यांच्या मागे, दारात उभी होती.

“आई,” ती म्हणाली, “गोळी खाऊन घे.”