इम्रिखची उत्तरं

“इम्रिखचा आवाज गेला म्हणे,” रादिम म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्याने हातातल्या फडक्याने पिंप उगाचच पुसलं.

“हसतोस काय, मेल्या?” आपोलेनामावशी म्हणाली. “घशाचं ऑपरेशन झालंय त्याच्या. जिवावर बेतलं होतं.”

“वाचला ना, चांगलंच झालं. पण मावशी, आता यंदा आपणच जिंकलो की!”

कुरणाच्या मधोमध सीमेचा दगड होता. अलीकडे चेक देशातल्या मोराव्हियाची माणसं, पलीकडे स्लोव्हाक. एके काळी दोघांचा देश एकच होता. पुढे दोन झाले, पण उन्हाळ्यातली बिअरची जत्रा कुणी वाटून घेतली नाही. दोन्हीकडचं एकेक पिंप दगडाशेजारी ठेवायचं. मग दोन्हीकडचा एकेक गाणारा पुढे येऊन जागच्या जागी गाणी जुळवत समोरच्यांची टर उडवायचा. ज्याला उत्तर सुचणार नाही तो हरला. जिंकणाऱ्यांचं पिंप आधी उघडायचं, आणि हरलेल्यांनी टोपी काढून, उभं राहून त्यातला पहिला घोट घ्यायचा.

रादिमने ही टोपी फार वेळा काढली होती. वडिलांमागे बिअरची भट्टी त्याच्याकडे आली, तेव्हापासून त्याचं पिंप एकदाही आधी उघडलं नव्हतं.

कारण एकच, पलीकडचा मेंढपाळ इम्रिख. गायडी, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीला नळ्या लावलेलं वाद्य, काखेत दाबून तो सूर धरायचा, आणि मग घुमटात घुमल्यासारख्या आवाजात असं उत्तर फेकायचा की अलीकडून गाणारी आपोलेनामावशी गप्प व्हायची. खरं तर तिच्या जिभेला अख्खं गाव वचकून असे. इम्रिख मात्र लग्नाबारशाला कितीही आग्रह केला तरी नुसता वाजवायचा. “शब्द मोराव्हियावाल्यांसाठी राखून ठेवलेत,” म्हणायचा. वसंतात मावशी मेंढीचं चीज आणायला त्याच्या झोपडीवर जायची, तेव्हा पोरंटोरंसुद्धा म्हणत, “मावशी शत्रूचा अंदाज घ्यायला निघाली.”

इम्रिख आला. गळ्याला रुमाल बांधलेला, अंगाने निम्मा झालेला. दगडाजवळच्या बाकावर तो गायडी मांडीवर घेऊन बसला. त्याच्या जागी गायला पलीकडचं कुणीच पुढे होईना.

शेवटी त्यांचा भट्टीवाला वेंदेलिन पुढे आला. “हरलो म्हणा,” तो म्हणाला आणि टोपीला हात घातला.

रादिमने लाकडी हातोडा उचललासुद्धा.

“ठेव तो खाली,” आपोलेनामावशी म्हणाली. “समोर कुणी नाही, तर जिंकलास कुणावर? बाकावर?”

तिने इम्रिखकडे पाहून मान हलवली. त्याने गायडीत हवा भरली. सूर कुरणभर पसरला, आणि मावशीने पहिलं गाणं टाकलं :

*“डोंगरापल्याडच्या मेंढपाळा, तुझी बिअर कशी?*
*मेंढीपुढे ठेवली, तर ती राहिली उपाशी!”*

मोराव्हियावाले खदखदले. तोवर मावशी सरळ दगड ओलांडून गेली, इम्रिखच्या मागे उभी राहिली आणि आपल्याच माणसांवर बोट रोखून गायली :

*“मेंढी आमची शहाणी, तिला चव कळते खरी;*
*तुमची बिअर हुंगून ती पळत आली घरी!”*

पलीकडे शिट्ट्यांचा पाऊस पडला. “अगं, कुणाची आहेस तू?” अलीकडून कुणीतरी ओरडलं.

ती परत आली, गायली. पुन्हा पलीकडे गेली. तिथे गेली की तिची मान वर व्हायची, पाय रोवले जायचे, आवाज खाली पोटात उतरायचा.

*“फेसच फेस रादिमच्या बिअरला, डोंगर जणू वर;*
*फुंकर मारून पाहिली, तर खाली घोटभर!”*

रादिमचे कान तापले, तरी तोही हसला. नंतर मात्र त्याचं हसणं थांबलं. सगळ्यांचंच थांबलं. शेगडीवरचे सॉसेज करपत होते, तिकडे कुणी पाहिलं नाही. एकटी बाई दोन देश होऊन भांडत होती, आणि रादिमच्या अंगावर काटा उभा राहिला होता. डोळे मिटले तर शपथेवर सांगावं, इम्रिखच उभा आहे.

इम्रिखने चाल बदलली. संथ, जुनी चाल. मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

*“वाटणी झाली, भांडी तुमची, डोंगर आमच्या दारी;*
*गाणं तेवढं कापता येईना, राहिलं दोन्ही घरी.”*

गायडीचा सूर विरत गेला. मावशी चालत अलीकडे आली. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने तोंड उघडलं. मिटलं. आणि मान झुकवली.

पलीकडचे ओरडायचंच विसरले. मग वेंदेलिनने डोळे पुसून आपलं पिंप उघडलं. रादिमने टोपी काढली. या वेळी ती काढताना त्याला काहीच जड वाटलं नाही.

“मावशी, आपल्याच गावाला बुडवलंस,” तो म्हणाला. “पण सुचलं कसं तुला? हुबेहूब इम्रिख!”

“इतकी वर्षं हरतेय त्याच्यापुढे,” ती म्हणाली. “मुरतं मग अंगात.”

रादिम एक मग भरून इम्रिखकडे गेला आणि बाकावर टेकला. म्हाताऱ्याचे डोळे अजून ओले होते.

“काका, आपली उत्तरं दुसऱ्या कुणी जुळवायची आणि आपण नुसतं ऐकायचं... जिवावर आलं असेल ना?”

इम्रिखने घसा खरवडला. कुजबुज ऐकू यावी म्हणून रादिमने कान त्याच्या तोंडाशी नेला.

“छे रे! दर वर्षी तिने जुळवलेली पाठ करताना माझा जीव जायचा. यंदा तेवढं वाचलं.”